पट्टीच्या पुढचे ओठ

३ नोव्हेंबर, सोमवार

नाही म्हणजे नाही! किती वेळा सांगायचं? दर वेळी आधी कायतरी करून ठेवायचं आणि मग मला फोन करायचा. मागच्या उन्हाळ्यात घराचं जोतं घातलं. मला विचारलं? चिरे आणले, जोतं बांधलं, नारळ फोडला, आणि मग बाबांचा फोन — "सुरुवात करून ठेवली. बाकीचं तू बघ." बाकीचं म्हणजे भिंती, छप्पर, लादी, सगळंच! आमच्याकडे हीच रीत. ज्याचा पोरगा बाहेर, त्याच्या परसात जोतं. मुरुडवरून एसटीने वर या, दोन्ही अंगाला जोतीच जोती, वर गवत वाढलेलं. जोत्यावर कुणाला राहता येत नाही. पण पोराला तिकडे झोप येत नाही, तेवढं काम ते बरोबर करतं.

आता बहिणीचे, क्रांतीचे दात.

पालीचे लोक तिला बघून गेले. मुलगा गणराज, रोह्याला कंपनीत आहे. पोहे झाले, चहा झाला. उठताना त्याची आई सत्यवतीबाई म्हणाली म्हणे, "पोर कामाची हाय. पन तोंड जरा पुढं हाय वं. तेवढं काय करता आलं तर बघा, मग तारीख काढू." तेवढं! जणू साडीचा फॉल सुटलाय.

लगेच बाबांनी तिला अलिबागला एका दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने माप घेतलं, फोटो काढला, सांगितलं — वरचे दोन, खालचे दोन, असे चार चांगले दात काढायचे. मग तारा लावायच्या. मग पुढचे दात हळूहळू मागे जाणार. दोन वर्षं. पैसे? बाबा म्हणतात, हर्षद हाय ना. हर्षद तिकडे दातांच्याच कामात हाय!

दातांच्या कामात! मी शारजात प्लास्टर कालवतो.

५ नोव्हेंबर

मी फोन केला, बाबांनी उचलला नाही. बरं झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. सुट्टीचा दिवस मला खायला उठतो. खोलीत सहा जण, पाच झोपलेले. मी तीन वेळा खाली उतरलो आणि तीन वेळा वर आलो. दिघीला बंदरावर होतो तेव्हाही असंच. मुरुडला लॉजवर होतो तेव्हाही. कुठेच बूड टेकत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी. भिंगरी निदान गोल तरी फिरते.

माझं काम हे — वर दवाखाना, खाली लॅब. वरून लोकांच्या दातांचं माप येतं, गुलाबी रबरासारखं, लोकांच्या थुंकीसकट. ते धुवायचं. त्यात प्लास्टर ओतायचं, थरथरणाऱ्या टेबलावर धरायचं म्हणजे बुडबुडे निघतात. सुकलं की सोडवायचं. झाले प्लास्टरचे दात! मग घासून, वर नाव लिहून, डॉक्टरकडे. ज्यांना तारा लावायच्यात त्यांचे आधी आणि नंतर, दोन्ही. किती लोकांची तोंडं माझ्या हातातून गेली! रस्त्यात भेटले तर एकालाही ओळखणार नाही. आठवी नापासाला आणखी कोण काय देणार? हेही रशीदभाईने दिलं. मुरुडचा आहे तो, इथे जुना, त्याच्या शब्दावर मी लागलो.

दुपारी क्रांतीचा फोन. लॉजच्या काउंटरवरून. ती मुरुडला एका लॉजवर बसते, पाहुण्यांना खोल्या देते. म्हटलं, मुलगा कसा आहे?

"माहीत नाय. मोबाईलमधी बघत होता."

"तू काय केलंस मग?"

"मी पण काढला मोबाईल."

आणि हसली. तिचं हसणं म्हणजे मुरुडच्या स्टँडवर हसली तर गाडीचा कंडक्टर वळून बघतो. सगळे दात बाहेर, हिरड्यासुद्धा. मग म्हणाली, "दादा, तू सांग. काढू की नको? मला आता कळतच नाय. आधी मी आरशात केस बघायचे. आता तोंड मिटून बघते, मग उघडून बघते. तू सांगशील तसं. तू रोज बघतोस दात."

मी म्हटलं, विचारून सांगतो.

कुणाला विचारणार? इथे माझ्याशी बोलतं कोण!

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज डॉक्टर इल्हाम खाली आली. तारा लावणारी तीच. सुदानची आहे, उंच, काळी, हळू बोलते. हिंदी इथल्याच कामगारांकडून शिकली, त्यामुळे सगळ्यांना "भाई" म्हणते, बायकांनासुद्धा. माझ्या एका दाढेत बुडबुडा राहिला होता, तेच सांगायला आली. ओरडली नाही. रशीदभाईच्या कॉम्प्युटरवर एक फोटो उघडा होता. तोंडाचा बाजूने काढलेला, कवटी दिसते तसला. नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ मारलेली. मी विचारलं, ही रेघ कशाला?

म्हणाली, ओठ या रेघेच्या आत असले की तोंड बरोबर. बाहेर आले की मशीन लाल करते.

त्यातले ओठ लाल होते. कुणी मलबारी पोरगी होती.

मी म्हटलं, हे बरोबर-चूक ठरवलं कुणी?

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पुराने आकडे हैं, भाई. गोऱ्या मुलांची तोंडं मोजून काढलेले. मशीन आली ती त्या आकड्यांसकटच आली. बदलता येतात. कोण बदलणार?" आणि वर गेली.

ती गेल्यावर लॅबमध्ये जी मजा झाली! रशीदभाईने पट्टी घेतली आणि नाकाला-हनुवटीला लावली. त्याचं नाक एवढं मोठं की पट्टी ओठांपासून बोटभर लांब. "बघितलंस? आमचे बापजादे जहाजातून आलेले. अरबी रक्त हाय रे!" फिलिपिनो आर्नेलने लावली — दोन्ही ओठ पट्टीवर दाबले गेले. नेपाळी भीमने लावली — नाक बसकं, पट्टी राहीचना, घसरून पडली. सगळे लोळले हसून. मग मला धरलं. माझे ओठ पट्टीला लागले. चांगले लागले. "लाल! लाल!" आर्नेल ओरडला.

मी पण हसलो. मग संडासात जाऊन आरशापुढे पुन्हा लावून बघितली.

आईचं तोंड असंच. मावशीचं असंच. आमच्या अख्ख्या आळीत बघा, लावणीला वाकलेल्या बायका हसल्या की आधी दात दिसतात, मग तोंड. म्हणजे आम्ही सगळे लाल? सगळी आळी चुकलेली? देवाने बरोबर तोंडं तिकडे वाटली आणि उरलीसुरली इकडे?

१२ नोव्हेंबर

वरती नवीन कॅमेरा आलाय. पेनासारखा तोंडात फिरवतात, दात थेट कॉम्प्युटरवर. माप नाही, प्लास्टर नाही. रशीदभाई म्हणाला, "आपलं बिऱ्हाड उठलं समज." मालक अजून काही बोललेला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रांतीला सांगितलं — त्या अलिबागच्या डॉक्टरकडे तुझ्या दातांचं प्लास्टर केलेलं असेल, ते मागून घे. बाजूचा फोटो पण. मी इथल्या डॉक्टरला दाखवतो. म्हणाली, "देतील?" म्हटलं, त्यांच्याकडे ढीग असतो, जागा झाली तर बरंच वाटेल त्यांना.

"आणि पाठवू कसे? दात कुरिअरने?"

रशीदभाईचा भाचा उझैर पुढच्या महिन्यात येतोय. त्याच्या हाती. मुरुडला रशीदभाईची बहीण अख्तरुन्निसा राहते, सगळ्यांची पार्सलं तिच्याकडे जमतात. क्रांतीला तिचं घर माहीत आहे.

मग आईला फोन दे म्हटलं. आईला दोनदा सांगितलं — माझा शब्द येईपर्यंत कायसुदिक करू नका. एकदा काढलेला दात परत लागत नाही. आणि काढून नुसतं सोडलं तर आणखी वाईट, बाजूचे दात त्या जागेत कलंडतात, वरखाली होतात, चावता येत नाही. तसली तोंडं मी ओतलीत. काढलं की तारा लावाव्याच लागतात.

आई म्हणाली, "बरं."

मागून बाबांचा आवाज — "काय म्हनतोय?"

"काय न्हाय. थांबा म्हनतोय."

"तो थांबंल. पालीवाले थांबतील व्हय?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज कुणाशीच बोललो नाही.

काम सुटल्यावर खाडीवर गेलो. लाकडी गलबतं लागलेली असतात तिथे, इराणकडे जाणारी. डांबराचा वास, माशांचा वास, दोरखंडाचा वास. आगरदांड्याच्या धक्क्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. तेवढंच वाटतं. पलीकडे दिघी नाही, नुसत्या काचेच्या इमारती.

पळून जावं वाटतं. पण कुठे? घरी गेलो तर जोतं. इथे राहिलो तर तो पेनासारखा कॅमेरा. मध्ये पाणी.

किती लोक बघितले तिथे! पठाण, बंगाली, केरळी, इराणी खलाशी, हबशी. प्रत्येकाला मनातल्या मनात पट्टी लावत होतो. आता डोळ्याला तीच सवय लागली. एक म्हातारा खलाशी दोरावर बसून भाकरी खात होता, ओठ एवढे पुढे की पट्टी मोडली असती. सुखाने खात होता. त्याला कुणी सांगितलं नसेल.

क्रांतीला व्हिडिओ लावला. उचलला नाही. मग मेसेज — "नेट नाय."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा व्हिडिओ नाही. आवाज पाठवला तिने. "दादा, प्लास्टरचे दात अख्तरुन्निसा काकूंकडे दिले. त्या म्हणाल्या, ही कुणाची कवळी गं? मी म्हटलं, माझीच, जपून ठेवा." तोंडात कापूस धरून बोलल्यासारखा आवाज. विचारलं तर म्हणे दाढ सुजली, गरम पाण्याने शेकतेय.

म्हटलं, बघ, तुझ्या दातांनाच कळलंय कायतरी. घाबरलेत.

त्याला उत्तर आलं नाही. नाहीतर अशावर ती सोडत नाही मला.

२ डिसेंबर

इथला मोठा सण. रस्त्यावर झेंडे, गाड्यांवर झेंडे. लॅब बंद. भीमने भात केला, करपला, तोच खाल्ला.

६ डिसेंबर, शनिवार

उझैर आला! पोराने विमानतळावरून थेट पार्सल आणलं. सुके बोंबील, जवळा, आईने केलेले तांदळाचे पापड, आणि मधोमध फडक्यात गुंडाळलेले क्रांतीचे दात. सगळ्याला जवळ्याचा वास. सात समुद्र ओलांडून आलेत आणि वास मुरुडच्या बाजाराचा!

"मामू, कस्टमवाला विचारत होता हे कोणाचे दात," उझैर रशीदभाईला सांगत होता. "मी म्हटलं, मेरी बीवी के. त्याने हात जोडले, म्हणाला जा बाबा."

खालचा एक पुढचा दात टोकाला मोडला होता. मी चिकटवला, घासला. माझ्या कामात एवढा हळू हात मी कधी चालवला नव्हता. मग वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर ठेवला. खट्! बसले. कुठे हलत नाहीत. प्रत्येक वरचा दात खालच्या दोघांच्या मध्ये, जसा असायला हवा तसा. चांगल्या चांगल्या शेखांच्या पोरांचे असे बसत नाहीत, तारा लावूनसुद्धा. रशीदभाईने हातात घेऊन बघितले. म्हणाला, "बहिणीचे? अरे, हे तर काचेच्या कपाटात ठेवायचे दात हायत."

लहानपणी आम्ही दोघं कोकमाची फळं खायचो, तिचे दात लाल व्हायचे आणि ती सगळ्यांना दाखवत फिरायची. हेच दात.

१० डिसेंबर, बुधवार

विचारलं! आज धीर करून वर गेलो. प्लास्टरचे दात एका हातात, मोबाईलमध्ये बाजूचा फोटो. डॉक्टर इल्हाम जेवत होती. मला वाटलं हाकलेल. तिने डबा बाजूला केला. दात नाकाजवळ नेले. "मछली?" म्हटलं, सॉरी मॅडम, गावाहून आलेत. हसली.

पुष्कळ वेळ बघितलं तिने. वरखाली ठेवून, मागून, खालून. मग फोटो तिच्या कॉम्प्युटरवर घेतला. रेघ मारली. ओठ लाल.

माझं तोंडच पडलं. म्हटलं संपलं.

मग ती म्हणाली, थांब. कुठेतरी आत शिरून तिने आकडे बदलले. आमच्याकडच्या लोकांची तोंडं मोजून काढलेलेही आकडे आहेत म्हणे. तेसुद्धा पुरते नाहीत, म्हणाली, तुमचा देश म्हणजे काय एकच तोंड आहे का? किनाऱ्याची माणसं वेगळी, डोंगरातली वेगळी. पण त्यातल्या त्यात हे जवळचे. पुन्हा रेघ.

लाल गेलं. तीच पोरगी. तेच ओठ. एक केसभर हललं नव्हतं काही!

"ओठ मिटतात का तिचे? जोर न लावता?"

म्हटलं, मिटतात. ती मिटत नाही ती गोष्ट वेगळी.

पुन्हा हसली. म्हणाली, मुलीला न बघता मी नक्की काही सांगणार नाही, तिकडच्या डॉक्टरला मी खोटं पाडणार नाही. पण माझी बहीण असती तर मी या तोंडातला एक दात काढला नसता. तिला स्वतःला ओठ मागे हवे असतील तर तो तिचा विचार, तेव्हा काढा. सासूला हवेत म्हणून नको. आकड्याला हवेत म्हणून तर मुळीच नको. मग स्वतःच्या तोंडाला पेन लावून दाखवलं — नाक, हनुवटी. तिचे ओठ दोन्ही बाहेर. "माझ्या अम्माचे याच्याही पुढे. खार्टुममध्ये तिच्यासाठी दोन भाऊ भांडले होते."

जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. कितीतरी महिन्यांनी छातीवरचं कायतरी उतरलं. परवा शुक्रवार. परवा फोन करणार, बाबांनाच. भांडणार नाही. नीट सांगणार. म्हणणार, बाबा, पालीवाल्यांना सांगा, पोरीच्या तोंडात काही चूक नाही, मोठ्या डॉक्टरने बघितलंय. त्यांना पटलं तर तारीख काढा, नाही पटलं तर पोहे परत मागू नका. आणि क्रांतीला सांगणार, स्टँडवर जा आणि हस. कंडक्टर वळेपर्यंत हस.

जोत्याचंही बघू म्हणणार. आधी दोन भिंती. चालेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाबांनीच उचलला. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरं, ते कवाच काढलं. चारी. दोन एका आठवड्याला, दोन दुसऱ्या. काढायला काय लागतं? बाजारातल्या दवाखान्यात काढून दिलं. तारांचंच काय ते ऱ्हायलंय. सुरुवात करून ठेवली. बाकीचं तू बघ."

क्रांतीने फोन घेतला. 

"दादा, ते प्लास्टरचे आले का नीट?"

आले म्हटलं.

"फेकू नको."

पाठवतोय. तारांचे बेचाळीस हजार.